चाळिसावी टिकली

फक्कीची रेघ सरळ ओढायची असेल तर मागे वळून पाहायचे नसते, हे गोरक्षला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले होते. नजर समोरच्या खुणेवर, हात सैल, पाऊल एकसारखे. त्या माघातल्या सकाळी इंदिरानगरच्या मागच्या चिंचमळ्यात तो असाच चालला होता. शहराने चारी बाजूंनी वेढलेली ती साठ घरांची वस्ती. मधून एकच गल्ली, गल्लीच्या टोकाला दगडी विहीर आणि पलीकडे नंदिनीचे काळवंडलेले पात्र. उघड्या गटारीच्या जागी आता जमिनीखालून सांडपाण्याची नवी वाहिनी यायची होती. ती कुठून जाऊ शकेल, त्याची कच्ची पांढरी रेघ गोरक्ष ओढत होता... आणि एका उंबऱ्यापाशी त्याचा हात थांबला.

रेघेच्या वाटेत रांगोळी होती. ठिपक्यांची, नुकतीच काढलेली. त्याने फक्कीचा डबा उचलला, चोरट्या पावलाने रांगोळी ओलांडली आणि पलीकडून रेघ पुन्हा सुरू केली.

"ओ साहेब, तुमची रेघ तुटली की!"

दारात एक मुलगी उभी होती. दातांत आकडा धरलेला, दोन्ही हात अर्ध्या वेणीत गुंतलेले, कपाळावर सोनेरी कडेची वाइनरंगी टिकली.

"रांगोळी होती..." तो कसाबसा म्हणाला.

"ते मला माहीत आहे. मीच काढलीय."

"पुसली गेली असती."

"रोजच पुसली जाते. नऊला घंटागाडी येते, तिला काय कळतंय रांगोळी!" तिने आकडा केसांत खोचला. "पण मग आमच्या दारापुढे पाइप येणारच नाही का? की इथं आल्यावर उडी मारणार तुमच्यासारखा?"

गोरक्षचे कान तापले. उत्तर त्याला सुचले, पण ते गल्लीच्या टोकाला पोहोचल्यावर. त्याची सगळी उत्तरे अशीच असत, माणूस निघून गेल्यावर येणारी.

तिचे नाव चैताली. इंदिरानगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काम करी. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेई. आईवडील लहानपणीच गेले होते. तिला वाढवले होते सगुणाबाईंनी, तिच्या आत्याने. आणि गोरक्ष होता येवल्याच्या विणकराचा मुलगा, एका सल्लागार कंपनीत समन्वयक. कुंभाच्या कामांची घाई सगळीकडे सुरू असली, तरी आराखडा लोकांना विचारूनच करायचा, अशी या कामाला अट होती. ते विचारण्याचे काम, दैवाची थट्टा म्हणावी, या अबोल मुलाकडे आले होते.

पहिली सभा समाजमंदिरात भरली. सतरंजीवर वस्तीचा पलंगाएवढा नकाशा अंथरला होता. गोरक्षने रंगीत पेने मधोमध ठेवली आणि पाठ केलेले वाक्य म्हटले, की आपणच खुणा करा, कुठून वाहिनी चालेल नि कुठून नको. पुरुषांनी पेने उचलली. बायका भिंतीला पाठ लावून पदर सावरत बसून राहिल्या.

"आम्हाला नाय येत बाबा लिव्हता," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमचं तुम्हीच काय ते ठरवा."

मागून चैताली उठली, बाहेर गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटे घेऊन आली. हिरवी आणि लाल.

"पेन दिलं की आमच्या बायका म्हणणार, येत नाही," ती नकाशापाशी बसत म्हणाली. "टिकली लावता येत नाही असं म्हणणारी एक दाखवा! चालेल तिथं हिरवी. नको तिथं लाल. आत्या, ये पुढं."

मग समाजमंदिर जागे झाले. इथे बाळंतिणीची न्हाणी आहे, इथे पावसात गुडघाभर पाणी साचते, इथे म्हशी बांधतात. बायका नकाशावर ओणवून टिकल्या लावत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, हसत होत्या. गोरक्षच्या वहीत न मावणारे गाव त्या कागदावर उमटत चालले होते.

शेवटी कोंडाजीबाबा पुढे आले. साऱ्या हयातीत दर उन्हाळ्यात त्यांनीच विहिरीत उतरून गाळ काढलेला. काठीच्या टोकाने त्यांनी नकाशावर विहिरीच्या वरच्या अंगाला एक जागा दाखवली.

"हितं नको."

"तिथं तर काहीच नाही, बाबा. मोकळी जागा आहे," गोरक्ष म्हणाला.

"वर काय नाय. खाली हाय. पाझर."

"कशावरून?"

बाबांनी चैतालीकडे पाहिले आणि ते हसू लागले. "हिला इचारा. हिचाच उद्योग."

"मी सात वर्षांची होते," चैताली म्हणाली. "रंगपंचमीचा रंग उरला होता, पिंपभर. आम्ही पोरांनी तो तिथल्या खड्ड्यात ओतून दिला. तिसऱ्या दिवशी आत्यानं विहिरीतून घागर काढली..."

"तर पाणी गुलाबी!" सगुणाबाई म्हणाल्या. "आठवडाभर गुलाबी चहा पेलो आम्ही. अन् हिला लय चोपली."

सगळे हसले, पण गोरक्षच्या ध्यानात आले. तिथून विहिरीकडे जमिनीखालून वाट होती. तिथे सांडपाण्याचे चेंबर बसले आणि एखादा सांधा गळला, तर नळ आटल्यावर जिच्यावर ही वस्ती जगते, ती विहीर संपली. कुठल्याही यंत्राने हे सांगितले नसते.

"इथं लाल हवीच," तो म्हणाला.

लाल पाकीट मात्र संपले होते. एकोणचाळीस लावून झाल्या होत्या. चैतालीने क्षणभर इकडेतिकडे पाहिले, मग कपाळावरची वाइनरंगी टिकली नखाने अलगद सोडवली आणि बाबांनी दाखवलेल्या जागी दाबून बसवली.

"ही चाळिसावी," ती म्हणाली. "हिला सांभाळा हं, साहेब. महागाची आहे."

तिच्या कपाळावर एक फिकट गोल उरला होता. गोरक्ष त्याच्याकडे पाहत राहिला आणि आपण पाहतो आहोत हे तिने पाहिले... मग दोघांनीही एकदमच नकाशाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर नकाशा उलगडताना तीन टिकल्या गळून फरशीवर पडल्या. गुंडाळीत त्यांचा डिंक सुटला होता. दोन लाल होत्या. त्या त्याने जिथल्या तिथे नीट चिकटवल्या. तिसरी त्याने तळहातावर घेतली. सोनेरी कडेला पावडरीचा बारीक कण अडकलेला होता. इतकी हलकी वस्तू त्याने आजवर हातात धरली नव्हती, आणि इतकी जड कुठली वाटलीही नव्हती. त्याने डायरी उघडली, त्या दिवसाच्या पानावर ती टिकली ठेवली. नकाशावरच्या तिच्या जागी पेन्सिलीने एक गोल काढला. उद्या लाल पाकीट आणू आणि तिथे लावू, असे त्याने ठरवले.

पण दुसऱ्याच दिवशी त्याला सायखेड्याच्या कामावर पाठवण्यात आले, आठ दिवसांसाठी. तो परत आला तेव्हा नकाशा संगणक विभागात गेला होता, आणि त्याच्या मनात नकाशा उरला नव्हता.

कारण वसंत आला होता... निदान त्याच्यापुरता तरी. चिंचमळ्यात जायला त्याला रोज नवे निमित्त सापडे. कधी मोजमाप राहिलेले असे, कधी एखादी सही.

"आज काय राहिलं?" ती विहिरीवर पाणी शेंदताना विचारी.

"उंबऱ्याची उंची घ्यायची होती."

"परवाच घेतली होती."

"...वाढली असेल तर."

ती इतकी हसली की दोर हातातून सुटला आणि बादली धाडकन खाली गेली. आपण कुणाला हसवू शकतो, हा शोध गोरक्षला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लागला.

"तुम्ही बोलता, पण हप्त्याने बोलता," एकदा ती म्हणाली.

"आमच्या घरी मागाचाच आवाज असतो. माणसं फारशी बोलत नाहीत."

"म्हणजे मला दोघांचं बोलावं लागणार," ती सहज म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आले. तिने घाईने ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवले. "प्या. गुलाबी नाही आता."

ते पाणी गार होते, किंचित गोडसर, दगडाच्या वासाचे.

वैशाखात आराखडा प्रसिद्ध झाला. विभागीय कार्यालयाच्या फलकावर तो लागला होता, हाताएवढा, इंग्रजी अक्षरांचा. खाली सूचना होती, की तीस दिवसांत लेखी हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. तिसाव्या दिवशी चैताली लॅबमधून सुटली तेव्हा गोरक्ष समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. तिने मोगऱ्याचा गजरा माळला होता.

"बाबा विचारत होते," ती कप हातात घेत म्हणाली. "आपलं सगळं आलंय ना नकाशात? नाहीतर हरकत द्यायला आजच जावं लागेल, पाचच्या आत. माझी ती टिकली... आली का?"

ऊन तिच्या कानातल्या डुलांवर थरथरत होते. तिने 'माझी' म्हणताना मान किंचित कलती केली होती. रस्त्याच्या पलीकडे, शंभर पावलांवर तो फलक होता.

"आली," गोरक्ष म्हणाला.

"नक्की?"

"तुझी टिकली मी विसरेन का?"

तिला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता. तिने कपातून नजर वर केली नाही, पण ती हसली. पाच वाजले, कार्यालयाचे दार बंद झाले आणि ते दोघे टपरीवर दुसरा चहा घेत राहिले.

दिवाळीनंतर खोदकाम झाले. गोरक्ष तेव्हा पुन्हा सायखेड्याच्या कामावर होता, रविवारी येई. विहिरीच्या वरच्या अंगाला बांधलेले चेंबर तोवर मातीखाली गेले होते, वर फक्त लोखंडी झाकण. कोंडाजीबाबांनी ठेकेदाराच्या माणसांशी भांडण केले होते. 'नकाशात आहे तसंच केलंय, तुमची हरकत कुठंय?' असे त्यांना ऐकवले गेले. ते त्यांनी गोरक्षला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मी बघतो, बाबा." त्याला तेव्हाही वाटले ते इतकेच, की वरच्या कुणीतरी बदलले असणार.

येवल्यात वडिलांनी मागावर ताणा चढवला होता. वाइनरंगी पैठणी, सोनेरी काठाची. रंग गोरक्षने सांगितला होता. कारण सांगितले नव्हते. चैतालीला मात्र त्याने मागावरचा फोटो दाखवला होता.

"आता लांबवू नका रे," सगुणाबाई म्हणाल्या. "श्रावण सरला की बोलणी करू."

आषाढात चेंबरचा सांधा गळला. ते कुणाला दिसले नाही. आधी कळले ते चैतालीला. चिंचमळ्यातली नावे एकामागून एक लॅबच्या यादीत येऊ लागली. शेजारची दीपमाला, तिची सासू, कोपऱ्यावरचा दुकानदार. रक्त तीच काढत होती, कागदही तिच्याच हातून जात होते. कावीळ, कावीळ, कावीळ. बाविसावे नाव सगुणाबाईंचे होते.

तीन आठवडे त्या अंथरुणावर होत्या. डोळे हळदीसारखे, हात काडीसारखे. वस्तीत टँकर आला. विहिरीवर पाटी लागली, 'पाणी पिण्यास अयोग्य', आणि वर लोखंडी जाळी बसली. जाळीचे नटबोल्ट कोंडाजीबाबांनीच आवळले. परक्याला त्यांनी विहिरीला हात लावू दिला नाही.

"साहेबानं लिव्हलं होतं," ते भेटेल त्याला सांगत. "वरच्यांनी खाल्लं. पोराचा दोष नाय."

चैतालीही तेच म्हणे. "आम्हाला कुणी विचारलंच नसतं, तर एवढं लागलं नसतं, गोरक्ष," एकदा आत्याच्या उशाशी बसून ती म्हणाली. "विचारलं, सतरंजीवर बसवलं, टिकल्या लावून घेतल्या... आणि मग फेकून दिलं. एक तू तेवढा आमचा होतास."

त्या वाक्याने त्याला दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या दप्तरखान्यात नेले. त्याने मूळ नकाशा काढला, टेबलावर उलगडला. कडेला संगणक विभागाची नोंद होती, 'लाल खुणा : एकोणचाळीस.' विहिरीच्या वरच्या अंगाला पेन्सिलीचा एक गोल होता, इतका फिकट की बोट फिरवले असते तर पुसला गेला असता. वरच्यांनी काहीही बदलले नव्हते. त्यांनी टिकल्या मोजल्या होत्या, इतकेच.

गोरक्षने नकाशा पुन्हा गुंडाळला. हे कुणालाही ठाऊक नव्हते. श्रावण सरायला नऊ दिवस उरले होते. गप्प राहणे त्याला जन्मजात येत होते. त्यासाठी काहीच करावे लागणार नव्हते.

त्या दुपारी तो चिंचमळ्यात गेला. उन्हातून बारीक सर येत होती, जात होती. चैताली विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती, शेजारी नमुन्यांची थंड पेटी. जाळीतून खाली पाण्यावर आभाळाचा तुकडा हलत होता.

"मला तुला एक दाखवायचंय," तो म्हणाला.

"अंगठी असेल तर आत्यासमोर दाखव. आज जेवली ती, भाकरी मागून." किती तरी दिवसांनी तिच्या आवाजात ती जुनी खोडी होती. "आणि तोंड असं काय? मी नाही म्हणेन असं वाटतंय?"

त्याने डायरी उघडून तिच्यापुढे धरली.

तिने पाहिले, आणि तिचा चेहरा उजळत गेला. "अगंबाई! ही माझी? तेव्हापासून जपून ठेवलीस... तू?" तिने बोटाच्या टोकाने सोनेरी कड हलकेच स्पर्शली. "वेडा आहेस का रे? दीड वर्ष? आणि एका शब्दानं..."

ती थांबली.

"पण ही तर मी नकाशावर लावली होती."

सर आली. तिने डोक्यावर ओढणी घेतली नाही.

"पडली होती," गोरक्ष म्हणाला. "तीन पडल्या होत्या. दोन परत लावल्या. ही... ठेवून घेतली. तिथं पेन्सिलीनं गोल केला होता. दुसरी लावणार होतो."

"आणि त्यांनी?"

"टिकल्या मोजल्या. एकोणचाळीस."

"मी तुला विचारलं होतं. टपरीवर. शेवटच्या दिवशी."

"हो."

"तू 'आली' म्हणालास. फलक समोर होता. बघितला होतास?"

"नाही."

"मग काय बघत होतास?"

याचे उत्तर त्याच्याकडे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर आले होते, आणि याहून वाईट उत्तर नव्हते.

"तुला," तो म्हणाला. "तुझ्यावर प्रेम आहे माझं, चैताली. हे असंच सांगता येतंय. दुसरं कसं सांगू, ते मला कळत नाही."

ती रडली नाही. तिने जाळीवर हात ठेवला आणि खाली पाहत राहिली. बोलली, तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"हवी होती तर मागायची होतीस, गोरक्ष. घरात अख्खं पाकीट होतं."

त्याला वाटले, आता ती उठून जाईल. ती उठली, घरात गेली, आणि परत आली ती कोरे कागद, पेन आणि कागदाखाली धरायला परातीएवढी पाटी घेऊन. पाटी तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"लिही. खूण कुणाच्या सांगण्यावरून लावली होती, कुणी काढली, कशी राहिली. तारखांसकट. लोकांनी सांगितलं होतं आणि त्यांची चूक नव्हती, हे कुणीतरी सही करून म्हटल्याशिवाय ते चेंबर हलायचं नाही."

"नोकरी जाईल," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

"जाईल."

तो लिहू लागला. गल्लीतून काठी टेकत कोंडाजीबाबा आले. "काय लिव्हून राहिले साहेब?"

"अर्ज, बाबा," चैताली म्हणाली. "चेंबर हलवायचा. संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांना बोलवा. साहेब वाचून दाखवणार आहेत."

"साहेबानं लिव्हलं म्हंजी होईल काम," बाबा समाधानाने म्हणाले आणि जाळीवरून हात फिरवून पुढे गेले.

गोरक्षचे पेन थांबले होते. तिने खुणेनेच सांगितले, लिही.

दोन पाने झाली. तिने ती शांतपणे वाचली, लॅबमधले कागद वाचावेत तशी. "टिकली का ठेवून घेतली, ते नाही लिहिलंस."

"लिहू?"

तिने कागद त्याच्यापुढे ठेवले. छपरांवरून पागोळ्या गळत होत्या.

"नको," ती म्हणाली. "ते कागदावर नको."

त्याने सही केली. तिने कागद आपल्याकडे ओढून घेतले.

"येवल्याला..." तो म्हणाला. "वडिलांच्या मागावर..."

"त्यांना पुरी करू देत. इतका चांगला रंग आहे, विकली जाईल." इथे मात्र तिचा आवाज किंचित कापला, आणि तिने तो लगेच सावरला. "डायरी दे."

तिने पानावरची टिकली उचलून आधी अर्जाच्या कोपऱ्यावर दाबून पाहिली. डिंक केव्हाच वाळला होता, ती निसटली. दुसऱ्यांदा दाबली; पुन्हा निसटली. मग तिने पेटीतून नमुने ठेवायची छोटी पारदर्शक पिशवी काढली, टिकली तिच्यात टाकली, पिशवीचे तोंड बंद केले आणि ती अर्जाला टाचली. आणि गोरक्षच्या सहीखाली, आपल्या त्या वळणदार अक्षरांत, तिने ओळी जोडल्या :

सोबत :
१) मूळ नकाशाची प्रत.
२) रक्ततपासणी अहवाल, बावीस.
३) टिकली, एक.